फॉल्स सीलिंगच्या वर आणि खाली: ऑफिसातला फायर अलार्म कसा आखतात

नाशिकमध्ये गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला नवी व्यापारी इमारत उभी राहते. खाली दुकानं, वर ऑफिसं. बिल्डर फायर अलार्म बसवतो, महापालिकेच्या अग्निशमन विभागाचा दाखला मिळतो, गाळे विकले जातात. मग प्रत्येक गाळेधारक आपापला इंटिरिअरवाला आणतो. तो फॉल्स सीलिंग टाकतो, काचेच्या केबिन उभ्या करतो, एसीच्या ग्रिल सोयीच्या जागी काढतो. ड्रॉइंगवर नियमात बसलेली यंत्रणा या महिना-दोन महिन्यांत नियमाबाहेर जाते, आणि तेही धूर किंवा उष्णता ओळखणाऱ्या एकाही डिटेक्टरला कोणी हात न लावता. हे कसं घडतं ते समजायला अलार्म मुळात कसा आखतात ते पाहावं लागतं.

आधी नियमांचं बघू, कारण ‘कोडप्रमाणे करा’ असं साइटवर सगळेच सांगतात आणि त्यांच्या मनातला कोड दर वेळी वेगळा असतो. नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे एनबीसी, याची २०१६ची आवृत्ती आहे आणि तिचा भाग ४ आग व जीवसुरक्षेचा. त्यात वापरानुसार इमारतींचे गट आहेत. ऑफिसं ‘ई’ गटात येतात, दुकानं ‘एफ’मध्ये, हॉटेलात जेवायला बसणारी मंडळी ‘डी’मध्ये. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत एनबीसीच्या हिशेबी हाय-राइज. गट, उंची आणि मजल्याचं क्षेत्रफळ पाहून तिथला तक्ता सांगतो की हाताने दाबायचा अलार्म पुरेल की आपोआप धूर ओळखणारी यंत्रणाही लागेल. यंत्रणा लागणार हे ठरलं की ती कशी बसवायची ते आयएस २१८९ या भारतीय मानकात आहे. डिटेक्टरमधली अंतरं, केबल, बॅटरी, आवाज, सगळं त्यातच.

एनबीसी हा स्वतः कायदा नाही. तो राज्याच्या नियमांतून आपल्यावर बंधनकारक होतो. नाशिकपुरतं बोलायचं तर २०२०ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत ऑफिस असेल तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसी असतं आणि फायरची फाइलही त्यांच्याकडे जाते. महापालिकेच्या अग्निशमन विभागाच्या शिंगाडा तलावाच्या मुख्यालयात जाऊन हे कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

खाली दुकानं, मध्ये ऑफिसं आणि गच्चीवर रेस्टॉरंट अशी खिचडी असेल तर? हा नाशिकमधला नेहमीचा प्रकार. अशा वेळी फक्त ऑफिसचा निकष लावून मोकळं होता येत नाही. ज्या वापराला जास्त कडक अट आहे ती बघावी लागते, कारण जिना सगळ्यांचा एकच असतो आणि धूर गाळ्यांच्या हद्दी मानत नाही.

आकडेमोड: पाच की सहा?

आता एक काल्पनिक इमारत घेऊ. तळमजला अधिक सहा मजले, प्रत्येक मजला ३० बाय १५ मीटर, जमिनीपासून स्लॅबच्या तळापर्यंत ३.६ मीटर. एका मजल्याचं क्षेत्रफळ ४५० चौरस मीटर झालं.

कोटेशन देणारा बहुतेकदा असा हिशेब करतो: एक स्मोक डिटेक्टर १०० चौरस मीटरला, म्हणून ४५० ला साडेचार, म्हणजे पाच. चुकीचं. सपाट छताखाली मजल्यावरच्या कोणत्याही बिंदूपासून जवळचा स्मोक डिटेक्टर ७.५ मीटरच्या आत हवा, ही अट अंतराची आहे. क्षेत्रफळ त्यातून नंतर निघतं. पाच डिटेक्टर एका ओळीत लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६ बाय १५ मीटरचा पट्टा येतो. त्या पट्ट्याचा कोपरा डिटेक्टरपासून ८ मीटरहून थोडा लांब पडतो, म्हणजे अट मोडली. दोन ओळींत तीन-तीन लावले तर प्रत्येकाला १० बाय ७.५ मीटरचा चौकोन मिळतो आणि कोपरा सव्वासहा मीटरवर येतो. तेव्हा सहा लागतात. हीट डिटेक्टर असेल तर हेच अंतर ५.३ मीटर धरायचं, कारण धुरापेक्षा उष्णता छताखाली पसरताना लवकर विरते.

हे सहा मोकळ्या हॉलचे झाले. इंटिरिअर झाल्यावर काय होतं बघा. चार केबिन, एक कॉन्फरन्स रूम, सर्व्हरची खोली, यूपीएसची खोली, पँट्री आणि जुन्या फायलींची खोली. या सगळ्यांच्या भिंती छताला भिडतात. पार्टिशनचा माथा छतापासून ३०० मिलिमीटरच्या आत आला की ते पार्टिशन भिंतच समजायचं, मग ते काचेचं असो की प्लायचं. म्हणजे या नऊ खोल्यांना प्रत्येकी निदान एक डिटेक्टर, आणि उरलेल्या हॉलचा आकार वेडावाकडा झाल्यामुळे तिथे अजून पाच. सहाचे चौदा झाले. छातीइतक्या उंचीच्या क्युबिकलने मात्र काहीही बिघडत नाही.

मग फॉल्स सीलिंग. ते आणि वरचा स्लॅब यांमधली पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर त्या पोकळीतही डिटेक्टर लावावे लागतात. आपल्या इमारतीत सीलिंग २.७ मीटरवर टाकलं तर वर ९०० मिलिमीटर उरतात, आणि डिटेक्टरांचा दुसरा थर लागतो. तेच २.९ मीटरवर टाकलं तर पोकळी ७०० ची होते आणि नियमाने हा थर लागत नाही. वीस सेंटिमीटरच्या फरकाने प्रत्येक मजल्याचा खर्च हलतो, पण हे गणित सीलिंगची उंची ठरवणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. माझं मत विचाराल तर ७०० च्या पोकळीतही केबलचे जाडजूड गठ्ठे किंवा एसीची युनिटं असतील तर डिटेक्टर लावावेत. नियम ही खालची मर्यादा आहे.

पोकळीत आणखी एक भानगड असते, आरसीसी बीमची. फॉल्स सीलिंग खालून सपाट दिसतं, पण वर ४५०–६०० मिलिमीटरचे बीम लोंबत असतात. धूर स्लॅबला चिकटून पसरतो आणि खोल बीम त्याला भिंतीसारखा अडवतो. बीमची खोली छताच्या उंचीच्या दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तो अडथळा धरून मांडणी करायची. वरचे डिटेक्टर खालून दिसत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा एक लाल दिवा सीलिंगच्या खाली काढतात. त्याला रिस्पॉन्स इंडिकेटर म्हणतात. बंद केबिनच्या दारावरही तो असावा, म्हणजे सिक्युरिटीवाल्याला दहा कुलपं उघडत बसावं लागत नाही.

एसीच्या ग्रिलचं सांगायचं राहिलं. थंड हवेचा झोत जिथून पडतो तिथे धूर डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही, बाजूला ढकलला जातो. ग्रिलपासून मीटर-दीड मीटर तरी लांब राहायचं. भिंतीच्या अगदी कोपऱ्यातही हवा साचून राहते, म्हणून तिथून अर्धा मीटर सोडायचा.

धूर कसा ‘दिसतो’

ऑफिसात हल्ली सगळीकडे ऑप्टिकल स्मोक डिटेक्टर असतो. आत एक काळी डबी असते, तिच्यात एक इन्फ्रारेड दिवा आणि एक प्रकाश ओळखणारा डोळा. दोघं एकमेकांसमोर नसतात, कोनात बसवलेले असतात, त्यामुळे एरवी डोळ्याला अंधारच दिसतो. कवडशात धुळीचे कण चमकतात तसे डबीत शिरलेले धुराचे कण चमकतात, तो प्रकाश डोळ्यावर पडतो आणि डिटेक्टर पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य नियंत्रण पेटीला, हाक देतो.

यातून त्याचा मोठा दुबळेपणाही कळतो. त्याला धूर आणि धूळ यांतला फरक कळत नाही. इंटिरिअरचं काम चालू असताना प्लास्टिकची टोपी न घालता डिटेक्टर उघडे ठेवले तर पीओपी आणि प्लायचा भुसा डबीत बसतो, आणि पुढची दोन वर्षं ते ऑफिस खोट्या अलार्मला वैतागतं. पावसाळ्यात बारीक किडे आत शिरतात. धूपाचंही तेच. खंडेनवमीला यंत्रपूजा, गणपतीत दहा दिवस आरती, आणि डिटेक्टर बरोबर देव्हाऱ्याच्या डोक्यावर. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधणं हा सर्रास केला जाणारा उपाय आहे आणि पिशवी दिवाळीपर्यंत तशीच राहते. पूजेची जागा ठरलेली असेल तर तिथे धूर आणि उष्णता दोन्ही तपासणारा मल्टिसेन्सर लावता येतो. किंवा पॅनेलवरून तेवढा एकच डिटेक्टर ठरावीक वेळेपुरता बंद करता येतो, त्याची नोंद पॅनेलवर दिसत राहते.

पँट्रीत हीट डिटेक्टर लावायचा, साधारण ५७ अंश सेल्सिअसला चालू होणारा. चहाच्या वाफेवर तो बोंबलत नाही. सर्व्हर रूममध्ये एसीचा वारा इतका असतो की छतावरचा डिटेक्टर उशिरा जागा होतो. म्हणून तिथे बारीक भोकं असलेल्या पाइपमधून हवा सतत ओढून तपासणारी अॅस्पिरेशन यंत्रणा वापरतात. ती महाग आहे, आणि दोन रॅकच्या खोलीला कदाचित नकोही.

इलेक्ट्रिकल शाफ्ट, म्हणजे केबल मजल्यामजल्यांतून वर नेणारी उभी पोकळी, मात्र विसरायचा नाही. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळुरूच्या कार्लटन टॉवर्स या ऑफिस इमारतीत आग इलेक्ट्रिकच्या डक्टमध्ये लागली, धूर त्या शाफ्टमधून वर चढला आणि नऊ जण गेले. त्यांतले काही जण धुराने कोंडल्यामुळे खिडकीतून उडी मारून गेले. प्रत्येक मजल्यावर शाफ्टमध्ये डिटेक्टर हवा आणि केबल जिथून स्लॅब ओलांडते ती भोकं आग थोपवणाऱ्या मसाल्याने बंद हवीत. दुसरं काम अलार्मवाल्याचं नाही, पण ते झालं नसेल तर ओरडायचं काम त्याचंच.

तारा आणि पॅनेल

पॅनेल दोन प्रकारचं. कन्व्हेन्शनलमध्ये एका तारेवर वीसेक डिटेक्टर असतात आणि पॅनेल फक्त झोन सांगतं: तिसरा मजला, पूर्व बाजू. अॅड्रेसेबलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो आणि पडद्यावर ‘मजला ३, यूपीएस रूम’ असं येतं. दोन-तीन गाळ्यांच्या छोट्या ऑफिसला पहिलं चालतं. सहा मजल्यांच्या, वीस मालकांच्या इमारतीत अॅड्रेसेबलच घ्यावं. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

अॅड्रेसेबलची तार पॅनेलमधून निघते आणि फिरून पॅनेललाच परत येते, म्हणून तिला लूप म्हणतात. मध्ये कुठे तुटली तरी दोन्ही टोकांकडून काम चालू राहतं. पण शॉर्ट झाली तर अख्खा लूप बसतो, म्हणून ठरावीक अंतराने आयसोलेटर घालतात. शॉर्टच्या दोन बाजूंचे आयसोलेटर उघडतात आणि तेवढा तुकडा बाजूला पडतो. प्रत्येक मजल्याच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक हवाच. इथे एक जुगाड पाहायला मिळतं: जायची आणि यायची तार एकाच पाइपातून. पाइप जळला की दोन्ही एकदम गेल्या आणि लूपचा अर्थच संपला. जाणारी तार एका शाफ्टमधून, येणारी शक्य असेल तर दुसऱ्या बाजूने.

केबलच्या बाबतीत एफआरएलएस आणि फायर सर्व्हायव्हल यांत गल्लत होते. एफआरएलएस केबल आग पसरवत नाही आणि धूर कमी करते, इतकंच. आगीत ती चालू राहीलच असं नाही. जी तार आग लागल्यावरही हूटर, म्हणजे अलार्मचा भोंगा, वाजवत ठेवायला हवी, तिथे आगीत तग धरणारी फायर सर्व्हायव्हल केबल लागते. दिसायला दोन्ही लाल.

हूटरच्या तारेत व्होल्टेजही तपासायचं. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम. हूटरांची ओळ पॅनेलपासून १०० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे जवळपास २.४ ओहम. सगळे हूटर मिळून १ अँपिअर घेत असतील तर २.४ व्होल्ट वाटेतच गेले. २४ व्होल्टचे २१.६ उरले, आणि वीज जाऊन बॅटरी उतरत आली असेल तर त्याहून कमी. शेवटचा हूटर मग कुजबुजतो.

लूपवर वीस-पंचवीस टक्के जागा मोकळी सोडणं हा बिल्डरला न पटणारा पण अत्यंत गरजेचा खर्च. वर पाहिलंच की सहाचे चौदा होतात. जागा नसेल तर गाळेधारक आपलं वेगळं छोटं पॅनेल लावतो, ते मुख्य पॅनेलला जोडलेलं नसतं आणि तळमजल्यावर काहीच कळत नाही. पॅनेल आणि डिटेक्टर यांची भाषाही जुळावी लागते. एका कंपनीच्या पॅनेलवर दुसरीचा अॅड्रेसेबल डिटेक्टर सहसा चालत नाही.

ऐकू आलं का?

डिटेक्टरपेक्षा हूटरच्या मांडणीत जास्त हयगय होते, असं मला वाटतं. निकष असा: माणसं असतील तिथे किमान ६५ डेसिबल, किंवा तिथल्या नेहमीच्या आवाजापेक्षा ५ डेसिबल जास्त, यांतलं जे मोठं असेल ते. पॅसेजमध्ये एक जोरदार हूटर लावून हे साधत नाही. बंद दार सुमारे २० डेसिबल खातं. पॅसेजात ९० असेल तर दाराशी पोचेपर्यंत ते ८० होतं आणि दार ओलांडून कॉन्फरन्स रूममध्ये ६० उरतं. आत प्रोजेक्टर, एसी, आणि कोणीतरी मोठ्याने प्रेझेंटेशन करतंय. कानठळ्या बसवणारा एक हूटर लावण्यापेक्षा मध्यम आवाजाचे जास्त हूटर बरे. टॉयलेट, जिन्याचा माथा, गच्ची आणि बेसमेंट पार्किंग विसरू नका. हेडफोन लावून बसणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या माणसासाठी लुकलुकणारा दिवाही हवा. उंच इमारतीत पब्लिक अॅड्रेसची सोय असते, तिच्यावरच्या रेकॉर्डेड सूचना मराठीतही असाव्यात. हाऊसकीपिंगच्या मावशी आणि चहावाला हेही त्या मजल्यावरच असतात.

हाताने दाबायचे लाल डबे, म्हणजे मॅन्युअल कॉल पॉइंट, बाहेर पडायच्या वाटेवर, जिन्याच्या दाराशी, छातीच्या उंचीला. माणूस पळताना ज्या बाजूला जाईल तिथेच ते सापडले पाहिजेत.

अलार्म वाजल्यावर काय काय घडायचं याचा तक्ता करतात, त्याला कॉज अँड इफेक्ट म्हणतात. यूपीएस रूमचा डिटेक्टर लागला: त्या मजल्याचा एएचयू (एसीची हवा फिरवणारं यंत्र) बंद, लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडून उभी, जिन्यात हवेचा दाब ठेवणारे पंखे असतील तर चालू, कार्ड लावून उघडणारी दारं मोकळी. या शेवटच्या बाबतीत आयटीवाले आणि फायरवाले यांचं हमखास वाजतं. दाराचं चुंबकीय कुलूप वीज गेली की उघडलं पाहिजे आणि ती वीज अलार्म पॅनेलने थेट तोडली पाहिजे, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नव्हे. हा तक्ता कागदावर नसेल तर यंत्रणेचं डिझाइन झालेलंच नाही, नुसती खरेदी झाली आहे.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. वीज गेल्यावर २४ तास पहारा आणि त्यानंतर अर्धा तास पूर्ण अलार्म. पॅनेल शांत असताना ०.५ अँपिअर घेत असेल तर २४ तासांचे १२ अँपिअर-अवर. अलार्ममध्ये ३ अँपिअर, अर्ध्या तासाचे दीड. बेरीज साडेतेरा. बॅटरी म्हातारी होते म्हणून पाव हिस्सा वाढवायचा, म्हणजे सुमारे १७. कोटेशनमध्ये ७ अँपिअर-अवरची जोडी दिसली तर हा हिशेब मागा. ‘आपल्याकडे जनरेटर आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, जनरेटरची खोलीही जळू शकते.

काम पूर्ण झालं की परवानाधारक एजन्सी ‘नमुना अ’मध्ये प्रमाणपत्र देते. पुढे दर वर्षी जानेवारी आणि जुलैत ‘नमुना ब’, की यंत्रणा चालू स्थितीत आहे. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, एजन्सीची नव्हे. हा कागद अनेक ठिकाणी वॉचमनच्या केबिनमध्ये बसून तयार होतो. खरी तपासणी वेगळी दिसते. कोणीतरी लांब काठीने प्रत्येक डिटेक्टरपाशी कृत्रिम धूर सोडतो आणि दुसरा पॅनेलपाशी उभा राहून पडद्यावरचं नाव जुळतंय का बघतो. केबिन हलवल्या असतील तर इथे ‘मॅनेजर केबिन’ असं येतं आणि तिथे आता पँट्री असते. मग मुख्य वीज बंद करून पॅनेल बॅटरीवर ठेवायचं आणि हूटर वाजवून बंद दाराआड ऐकू येतं का ते पाहायचं.

रात्रपाळीच्या सिक्युरिटीसाठी एक कागद पॅनेलशेजारी लावलेला असावा. हूटर गप्प कोणी करायचा, रीसेट कोणी करायचं, १०१ ला फोन कोणी आणि कधी लावायचा. गप्प करणं आणि रीसेट करणं ही दोन वेगळी बटणं आहेत. हूटर थांबवला तरी कोणत्या खोलीतून हाक आली ती ओळ पडद्यावर राहते. रीसेट दाबलं की ती जाते आणि मग इव्हेंट लॉगमध्ये शोधत बसावं लागतं. म्हणून आधी कोणीतरी वर जाऊन ती खोली डोळ्यांनी बघायची, रीसेट त्यानंतर.